हेदकोंडचा राणा

राहीबाईच्या घराचं वाटोळं कुणी केलं असं तिला विचारलंत, तर ती भागोजीचं नाव घेणार नाही, गावकीचंही घेणार नाही. ती मेवाडच्या राण्याचं नाव घेईल. तो माणूस मरून चारशे वर्षं झाली असं तिच्या पोरानं तिला सांगितलं होतं. होऊ देत. चारशे वर्षांनी टीव्हीतून उतरून तो हेदकोंडात आला आणि तिच्या नवऱ्याच्या डोक्यात ठाण मांडून बसला, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

नवरा म्हणजे हैबती. आणि हैबतीच्या डोक्यात तोवर काही बसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पोलादपूरवरून डोंगर चढून गेलं की हेदकोंड लागतं, मूठभर घरांची वाडी. दोन खाचरं भात आणि उतारावरची नाचणी, एवढ्यावर पोट भरेना म्हणून हैबती ऐन तरुणपणी महाडच्या एमआयडीसीत लागला. लागला म्हणजे कंत्राटदाराकडं. बिरवाडीत चौघांत मिळून एक खोली, आठवडाभर कारखान्यात रसायनांची पिंपं लोटायची आणि रविवारी घरी येऊन मेल्यागत झोपायचं. हाताची कातडी पिवळी पडली ती पडलीच, साबणानं गेली नाही. उभ्या जन्मात तो 'हो साहेब' सोडून दुसरं काही बोलला असेल, तर ते राहीबाईला माहीत नाही.

एकदा कुणाच्या तरी चुकीनं पिंप सांडलं आणि सुपरवायझरनं सगळ्या शिफ्टसमोर हैबतीच्या थोबाडीत मारली. हे त्यानं घरी येऊन सांगितलं नाही. वर्ष उलटल्यावर, कुठल्या तरी भलत्याच विषयात, त्याच्या तोंडून निघून गेलं. राहीबाई भाकरी थापत होती, ती थांबली.

"मग तुमी काय केलंत?"

"काय करणार? टोपी पडली होती, ती उचलली. शिफ्ट संपायची होती ना."

असला माणूस. रस्त्यात कुत्रं आडवं आलं तर हा बाजूला व्हायचा. राहीबाईला त्याची कीव यायची आणि रागही यायचा, आणि दोन्ही गिळून ती संसार करत होती. पुढं कंत्राटदार बदलला, नव्यानं जुनी माणसं काढून टाकली, आणि हैबती खोकला घेऊन कायमचा घरी आला. येताना एक मोठा टीव्ही घेऊन आला. तेवढी एकच हौस त्यानं आयुष्यात केली.

मग काय, दिवेलागण झाली की अर्धी वाडी त्यांच्या ओटीवर. तेव्हाच ती राण्याची मालिका सुरू झाली होती. नाव लांबलचक हिंदी, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे नुसतं 'राणा' म्हणायचे. भागोजी गावकीचा अध्यक्ष, तोही यायचा, खुर्चीवर बसायचा आणि चहा पीत चिडवायचा, "आपल्या उशाला रायगड असताना ह्या मेवाडवाल्याचं तुला एवढं काय रे हैबती?" हैबती म्हणायचा, "महाराज तरी कुठं वाकले? सारखीच माणसं ती." आणि पुन्हा टीव्हीकडं तोंड करायचा.

हैबतीची आई चंद्रभागा आत खाटेवर पडून असायची. तिला हिंदी कळत नव्हतं. जाहिराती लागल्या की हैबती उठून आत जायचा आणि तिला झालेला सगळा प्रकार मराठीत सांगायचा. बादशहाचा निरोप्या आला, बोलला की दरबारात येऊन मुजरा कर, सगळं परत देतो. राणा बोलला, नाय. दुसरा निरोप्या आला. राणा बोलला, नाय. म्हातारी डोळे मिटून ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "ह्याच्या बायकोला कुणी विचारलं काय रे?" राहीबाई चुलीपाशी बसून हसली होती. तेव्हा हसू यायचं.

हेदकोंडात शिमग्याच्या आधी गावकीची बैठक लागते. पालखी कुणी नाचवायची, कुणाच्या दारात किती वेळ थांबायची, सगळं त्या बैठकीत ठरतं, आणि बैठकीला घरटी एक माणूस गेलाच पाहिजे, हा बापजाद्यांपासूनचा नेम. नेमकी त्या संध्याकाळी टीव्हीवर हळदीघाटची लढाई होती. बाकीच्यांनी लढाई सोडली, मुकाट सहाणेवर जाऊन बसले. सहाण म्हणजे देवळासमोरचा दगडी चौथरा, शिमग्यात पालखी तिथंच बसते. हैबती टीव्हीसमोर बसून राहिला. सोमा बोलवायला आला. सोमाकडं गावकीचे निरोप द्यायचं काम. हैबतीनं मान न वळवता सांगितलं, "घोडा मरतोय रे. तेवढा मरू दे, येतो."

राहीबाईनं आतून ओरडून सांगितलं की आधी जाऊन या, घोडा काय पळून जात नाय. हैबतीला ऐकू गेलं नाही. त्याचे डोळे भरले होते. घोडा मेला, हैबतीनं नाक शिंकरलं, चपला घातल्या आणि गेला, तर माणसं परत निघालेली. तोवर सोमानं भर बैठकीत सांगून टाकलं होतं की हैबती बोलला, घोडा मेल्याशिवाय येत नाय. सगळे खदखदून हसले म्हणतात. भागोजी हसला नाही.

आता ह्यात आभाळ कोसळण्यासारखं काही नव्हतं. नेम मोडला की पुढच्या बैठकीत सहाणेवर यायचं, देवीपुढं नारळ ठेवायचा, गावासमोर दगडावर नाक घासायचं आणि 'चुकलो' म्हणायचं. वाडीत असं नाक न घासलेलं घर शोधून सापडणार नाही. खुद्द भागोजीच्या सख्ख्या भावानं बांधाच्या भांडणात घासलं होतं आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांबरोबर बसून मटण खाल्लं होतं. हैबतीसारखा गरीब माणूस, तो तर सांगण्याआधीच घासणार, असंच सगळे धरून चालले होते. राहीबाईनं त्याच्या हातात नारळ देऊन पाठवलं.

हैबतीनं नारळ ठेवला, देवीपुढं डोकं टेकलं, आणि उभा राहिला.

"नाक नाय घासणार," तो म्हणाला.

भागोजीला वाटलं, चेष्टा करतोय. "हैबती, तो टीव्ही बंद करून आलास ना?"

"सगळी जिंदगी वाकलो, भागोजी. आता पाठ दुखते."

कुणीतरी मागून म्हणालं, हेदकोंडचा राणा. त्यावर पुन्हा हशा झाला. पण भागोजीनं हात वर केला आणि हशा थांबला. भागोजी दुष्ट नव्हता, हे राहीबाई आजही सांगते. त्याचं म्हणणं सरळ होतं. आज एकाला सोडलं तर उद्या दुसरा बसेल, परवा तिसरा. मग पालखीला खांदा कोण देणार, वणवा विझवायला कोण धावणार? त्यानं हैबतीला तीन-तीनदा समजावलं. हैबती जमिनीकडं बघत उभा राहिला आणि प्रत्येक वेळी हळूच नकाराची मान हलवत राहिला. रात्री घरी आल्यावर त्यानं जेवताना राहीबाईला सगळं सांगितलं. ह्या माणसाबरोबर एवढी वर्षं काढली, त्यानं कुणाला 'नाही' म्हटल्याचं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिनं त्याला न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी त्यांना वाळीत टाकलं.

वाळीत टाकतात म्हणजे कुणी शिव्या देत नाही, दगड मारत नाही. कुणी काहीच करत नाही. राहीबाई विहिरीवर गेली की बायकांचं बोलणं बंद, हंडे भरायचे, डोक्यावर घ्यायचे, चालायला लागायचं. प्रवीण वाडीतून पोलादपूरला जीप मारायचा. जीप रिकामी असली तरी म्हणायचा, काकी, सीट नाय. शेजारची दर्शना रोज येऊन म्हातारीच्या डोक्याला तेल लावायची, तिला तिच्या आईनं बंद केलं. पोरगी एकदा कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि रडून परत गेली. ओटी ओस पडली. टीव्हीसमोर हैबती एकटा. भागोजीनं महाडवरून नवा टीव्ही आणला आणि सगळी माणसं तिकडं जाऊन बसायला लागली.

शिमग्याला पालखी आली तेव्हा म्हातारीनं हट्ट धरला म्हणून राहीबाईनं तिला उचलून दारात बसवलं. मांडीवर नारळ, खण, तांदूळ. लग्न होऊन आली तेव्हापासून देवी दारात आली नाही असा शिमगा चंद्रभागेनं पाहिला नव्हता. ढोल वाजत आले, पालखी अंगणाशी आली आणि न थांबता पुढच्या दाराला गेली. म्हातारीनं मांडीवरचा नारळ सारखा केला. मग म्हणाली, "दमली असतील पोरं. परत येतील." राहीबाई आत जाऊन रडली.

आणि हर्षद. त्यांचा पोरगा हर्षद मुंबईला एका गोदामात कामाला, राहायला परळला गावाच्या खोलीत. गावाची खोली म्हणजे जुन्या काळी हेदकोंडच्या माणसांनी मिळून घेतलेली. वाडीतला कुठलाही पोरगा मुंबईला गेला की तिथं पथारी टाकतो. गावकीचा निरोप मुंबईतल्या वाडीकरांच्या मंडळाला पोचला आणि एका संध्याकाळी हर्षद कामावरून आला तर त्याची बॅग दाराबाहेर. तेव्हापासून तो गोदामातच पोत्यांवर झोपत होता. त्याचा फोन आला.

"बाबा, नाक घासून काय झिजतंय काय तुमचं?"

"तू राणा बघतोस काय रे?"

"नाय बघत. माझ्याकडं टायम नाय."

"मग तुला नाय कळणार," हैबती म्हणाला आणि फोन राहीबाईच्या हातात दिला. पोरगा पलीकडं रडत होता. राहीबाई नुसती 'जेवलास काय' असं विचारत राहिली.

ह्यावर कायदा आहे, वाळीत टाकणाऱ्याला शिक्षा होते, हे हर्षदनं सांगितलं होतं. असेल. पोलीस येतील, पंचनामा करतील, चहा पिऊन जीपमधून खाली जातील. पाणी भरायचं ते त्याच विहिरीवर. आणि हैबती तर चौकीचं नाव काढू देईना. राणा कधी कुणाकडं तक्रार घेऊन गेला काय, म्हणे. राहीबाईचा तोल सुटला. "त्या राण्याकडं हत्ती-घोडे होते, भिल्ल होते," ती म्हणाली, "तुमच्याकडं मी आणि एक खाटेवरची म्हातारी." टीव्हीवर राणा सगळं सोडून रानात राहायला गेला होता, हैबती त्याच्याकडं बघत बसला.

शेवटी राहीबाईनं नवऱ्याला न सांगता पदर खोचला आणि भागोजीचं घर गाठलं. ओटीवर सगळी गावकी बसली होती, आणि समोर टीव्हीवर तोच मेला राणा. बादशहाचा कुणी सरदार त्याला सांगत होता, शरण ये. राणा तलवारीवर हात ठेवून म्हणाला, नाय. आणि भागोजीच्या ओटीवर टाळ्या पडल्या. सोमा म्हणाला, "माणूस असावा तर असा." राहीबाई अंगणात उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं, आत जावं आणि तो टीव्ही उचलून खाली आपटावा. ती तशीच थांबली. कुणाचं तरी लक्ष गेलं, भागोजी बाहेर आला.

"वयनी, तुमी कशाला आलात?"

"त्यांच्या नावानं मी घासते नाक. आत्ता घासते, चला सहाणेवर. म्हातारीचं काय खरं नाय, भावजी. तिला चार खांदे पायजेत."

भागोजी अवघडला. म्हणाला, "तुमचं मन मला कळतं. पण नेम घरच्या पुरुषाचा हाय. बाईच्या नाकानं वाळीत टाकलेलं उठत नाय." मग आवाज खाली करून म्हणाला, "त्याला आणा. मी लांबण लावणार नाय, एका मिनिटात उठवतो."

आणा म्हणे. राहीबाई परत आली आणि वाट बघत बसली. कसली, तर मालिकेची. ऐकून हसू नका. राण्याची गोष्ट तिला ठाऊक नव्हती, पण एक दिवस हर्षद शाळेतलं आठवून फोनवर बोलून गेला होता की पुढं राणा डळमळतो. रानात खायला काही नसतं, गवताच्या बियांची भाकरी करतात, आणि लेकीच्या हातातली तेवढी भाकरी रानमांजर पळवून नेतं. पोर रडते, आणि ते बघून राणा बादशहाला पत्र लिहितो, मी येतो म्हणून. राहीबाईनं मनाशी धरलं: तो वाकला की हा वाकेल. रोज संध्याकाळी चुलीवरचं टाकून ती हैबतीच्या बाजूला येऊन बसायला लागली. हैबतीला वाटलं, हिलाही गोडी लागली. बिचारा खूश झाला.

तो भाग लागला. मांजर आलं, भाकरी गेली, पोरीनं टाहो फोडला आणि राण्यानं कागद मागवला. राहीबाई टीव्हीकडं बघतच नव्हती, ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. हैबती पांढराफटक पडला होता. टीव्ही बंद करून तो आईच्या खाटेपाशी जाऊन बसला, तिचे पाय चेपत. जेवला नाही. सकाळी उठून तो अंगणात येरझाऱ्या घालत होता, दोनदा फाटकापर्यंत जाऊन आला. राहीबाई देवीला नवस बोलली. आणि संध्याकाळी काय, तर कुणीतरी कवी होता बादशहाच्या दरबारात, त्यानं राण्याला उलट पत्र धाडलं की तू वाकलास तर आम्ही कुणाकडं बघायचं. राणा पुन्हा ताठ. आणि तिच्या बाजूला बसलेल्या हैबतीनं एवढा मोठा श्वास सोडला. त्या कवीचा हात का मोडला नाही, असं राहीबाई आजही म्हणते.

उन्हाळा चालला होता. हैबती रोज कोयती घेऊन रानात जायचा आणि लाकडं आणायचा. ऐनाची, किंजळीची, चांगली जाडजूड. फोडून पडवीत रचायचा. पावसाळ्याची बेगमी सगळेच करतात, म्हणून राहीबाईनं आधी लक्ष दिलं नाही. पण रास छपराला टेकली तरी तो आणतच होता, आणि चुलीत मावणार नाहीत असे ओंडके न फोडता तसेच ठेवत होता. एक दिवस ती पडवी झाडायला गेली आणि झाडू हातात धरून उभी राहिली. हेदकोंडात कुणी गेलं की घरटी एक लाकूड येतं, ही रीत. तेवढ्यानंच चिता होते. आता घरटी लाकूड येणार नव्हतं. हा माणूस आईची चिता एकट्यानं गोळा करत होता.

खाटेवरून पडवीचा कोपरा दिसायचा. चंद्रभागेला डोळ्यांनी अंधुक दिसत असलं तरी एवढं दिसलंच. तिनं लेकाला हाक मारली.

"हैबत्या, एवढी लाकडं कुणाला रे?"

हैबतीनं हातातला ओंडका राशीवर ठेवला.

"लाकडं साठवशील. खांदे कुठं साठवशील?"

रागावून नाही बोलली, सहज बोलली, भात किती झालं विचारावं तशी. मग कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. हैबती त्या दिवशी रानात गेला नाही. पण सहाणेवरही गेला नाही.

म्हातारी गेली ती श्रावणात, पहाटे. पाऊस तुटून पडत होता. राहीबाई पेज घेऊन गेली तर हात गार. हैबतीला उठवलं. तो आईच्या उशाशी बसला, बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. मग हर्षदला फोन लावला, तो लागला नाही. मग टोपी घालून प्रवीणकडं गेला. म्हणाला, पोलादपूरला सोड, भाड्यानं चार माणसं आणतो खांद्याला. प्रवीण खाली मान घालून म्हणाला, काका, माझ्या जीपमध्ये तुमाला घेतलं तर उद्या माझी जीप बंद. स्मशान खाली ओढ्याकाठी, वाट शेवाळलेली. दोघं नवरा-बायको मिळून म्हातारीला तिथवर नेणं शक्य नव्हतं.

हैबती परत आला आणि दारात उभा राहिला. अंगावरून पाणी निथळत होतं. आत बघितलं त्यानं, आईकडं. मग टोपी काढली, खुंटीला अडकवली, आणि सहाणेकडं चालायला लागला. राहीबाईला एवढे महिने हेच हवं होतं. ती त्याच्या मागं निघाली आणि तिला वाटलं, त्याला धरून मागं ओढावं.

भागोजीनं शब्द पाळला, लांबण लावली नाही. सोमाला पिटाळलं, माणसं छत्र्या, इरली घेऊन गोळा झाली. हैबती गुडघ्यावर बसला. दगडावर पाणी वाहत होतं. त्यानं नाक टेकलं, घासलं आणि म्हणाला, "चुकलो." भागोजी पुढं होऊन त्याला उठवणार, एवढ्यात प्रवीण म्हणाला, "काका, परत एकदा."

त्याच्या हातात मोबाईल होता. तो शरमून सांगायला लागला की मुंबईच्या मंडळाला ग्रुपवर टाकावं लागतं, त्याशिवाय तिकडची माणसं मानत नाहीत. आणि पावसाच्या आवाजात बोललेलं काही आलं नाही. भागोजीनं दुसरीकडं बघितलं. हैबतीनं प्रवीणकडं पाहिलं, म्हणाला, "जवळ ये मग." आणि पुन्हा गुडघ्यावर बसला, पुन्हा नाक घासलं, आणि ह्या खेपेला मोठ्यानं म्हणाला, "चुकलो." नाकाच्या शेंड्याची साल गेली. राहीबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

मग गाव आलं. आलं म्हणजे कसं, लोटलं. प्रत्येक घरातून एक लाकूड, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळून. बांबू आले, दर्भाची दोरी आली, बायका गळ्यात पडून रडल्या. तिरडीला खांदा द्यायला माणसं एकमेकांच्या हातातून घेत होती. भागोजीनं स्वतः पहिला खांदा दिला. चंद्रभागेला जसं हवं होतं तसं मिळालं. पडवीतली हैबतीची लाकडं तशीच राहिली.

हर्षद पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. आजी गेल्याचा निरोप त्याला वाटेत मिळाला. त्याआधी कुणीतरी धाडलेला ग्रुपवरचा व्हिडिओ मिळाला होता, तो बघूनच तो निघाला होता. तो दारात आला, बापासमोर खाली बसला आणि बापाच्या नाकाकडं बघत राहिला. ह्यासाठीच तो फोनवर रडला होता. आता त्याला खोली परत मिळणार होती.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, भावकी जेवण आणते. भागोजीची बायको मैना टोपली घेऊन आली, पिठलं, भाकरी, वर झाकलेला भात. मागं आणखी दोघी-तिघी. मैनानं हैबतीसमोर ताट वाढलं आणि म्हणाली, "जेवा भावजी. झालं गेलं गंगेला मिळालं. आता तुमी आमच्यातले."

हैबतीनं घास उचलला. तोंडापाशी नेला. आणि हळूच, कारखान्यात बोलायचा अगदी त्या आवाजात, तो म्हणाला, "हो."

राहीबाई उठली. तिनं त्याच्या हातातला घास काढून घेतला, ताटात ठेवला, ताट टोपलीत ठेवलं आणि टोपली मैनाच्या हातात दिली.

"घेऊन जा गो," ती म्हणाली.

"अगो राही, सुतक हाय. कोण रांधणार?"

राहीबाई चुलीपाशी जाऊन बसली. राख बाजूला केली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मयताच्या घरात त्याच दिवशी चूल पेटलेली हेदकोंडात कुणी ऐकली नव्हती. हैबती घाबरून अर्धा उठला. "राही, राहू दे गो. आत्ताच उठवलंय आपल्याला. परत टाकतील."

"टाकू देत. तुमी गप बसा," राहीबाई म्हणाली. "ह्या खेपेला बैठकीला मी जाते. माझं नाक त्यांना चालत नाय, मग बघू काय घासतात."

मैना टोपली घेऊन गेली, बाकीच्या तिच्या मागं गेल्या. हर्षद उठला. खोली गेली हे त्याला कळलं होतं, राहीबाईला त्याच्या तोंडावर दिसलं. तो पडवीत गेला आणि बापानं साठवलेले ओंडके फोडायला लागला. राहीबाईनं परातीत पीठ घेतलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली. पहिली भाकरी तिनं हैबतीच्या हातावर ठेवली. त्यानं ती खाल्ली.